टाकी न लावलेला दगड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकातील लँड आर्टविषयीच्या, म्हणजे मोकळ्या जागेत दगड, माती आणि जमीन हेच माध्यम मानणाऱ्या कलेविषयीच्या, टिपणानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच शंकेभोवती घोटाळतात: ज्या दगडाला कलावंताने हातोडाही लावला नाही, त्याला शिल्प कसे म्हणायचे? त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. लांब पत्रांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण ऐकत आम्ही वाढलो. उघड्यावर ओळीने ठेवलेले धोंडे शिल्प म्हणून दाखवले जातात, तेव्हा कलावंताने नेमके केले काय? हे काम एखादा क्रेनचालकही करील.

उत्तर : क्रेनचालकाचा उल्लेख आपण टोमणा म्हणून केला असला, तरी तो अस्थानी नाही. या प्रकारात कोरण्याचे काम जितके कमी होते, तितके निवडण्याचे, हलवण्याचे आणि बसवण्याचे काम वाढते. म्हणीतला दगड हा कच्चा माल आहे. त्याच्यात मूर्ती दडलेली आहे आणि नको तो भाग काढून टाकला की ती मोकळी होते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. १९६०च्या दशकात काही कलावंतांनी हे गृहीतच बाजूला ठेवले. दगडाने घाव आधीच सोसलेले असतात, फक्त ते माणसाने घातलेले नसतात, आणि त्या घावांचा मागोवा पुसून त्यावर स्वतःची सही करण्याची गरज त्यांना वाटेनाशी झाली.

कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराने १९७७ साली कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात ‘स्टोन फील्ड स्कल्प्चर’ हे काम केले. हिमयुगात हिमनद्यांनी वाहून आणलेले ३६ धोंडे त्याने हिरवळीच्या एका त्रिकोणी तुकड्यावर ८ ओळींत मांडले: पहिल्या ओळीत १, दुसरीत २, असे करत आठवीत ८. एकटा असलेला धोंडा सर्वांत मोठा, आणि ओळीतली संख्या वाढेल तसतसे धोंडे लहान होत जातात. सर्वांत जड धोंडा सुमारे ११ टनांचा, तर सर्वांत हलका जेमतेम अर्ध्या टनाचा आहे. या कामाला ८७,००० डॉलर लागले आणि शहरात गदारोळ उठला. आपण विचारलेला प्रश्न त्या वेळीही याच आशयाने विचारला गेला. मात्र या जागेच्या अगदी शेजारी शहराचे जुने दफनस्थान आहे. तेथे नावे आणि साले कोरलेल्या शिळा ओळीने उभ्या आहेत, आणि इकडे काहीही न कोरलेले धोंडे ओळीने बसले आहेत. एका बाजूच्या दगडांचे वय काही शतकांच्या हिशेबात सांगता येते आणि दुसऱ्या बाजूच्या दगडांचे वय त्या हिशेबात मावतच नाही, हे तेथे उभे राहिल्यावर कोणी न सांगता कळते. मांडणी दुसऱ्या एखाद्या मैदानात केली असती, तर हा अर्थ हाती लागला नसता. कलावंताने काय केले, याचे उत्तर मला तरी येथे मिळते.

त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि ती सहज नजरेतून सुटते: त्याने चौथरा दिला नाही. चौथऱ्यावरचा दगड आपल्यापासून वेगळा, वरच्या पायरीवरचा असतो. जमिनीवर टेकलेला दगड आपण उभे आहोत त्याच जमिनीवर असतो, आणि मग लक्ष जाते ते त्याच्या माथ्याकडे नव्हे, तर बैठकीकडे, म्हणजे तो जमिनीला कुठे आणि कसा टेकला आहे तिकडे. या कलेतला कोणताही दगड पाहताना आधी बूड पाहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मिनिमलिझम, म्हणजे कलेतला किमानवाद, म्हटले की यंत्राने घडवलेल्या, एकसारख्या, गुळगुळीत पेट्या डोळ्यांसमोर येतात. ओबडधोबड, एकासारखा दुसरा नसलेला नैसर्गिक दगड त्यात कसा बसतो?

उत्तर : गुळगुळीतपणा ही त्या चळवळीची बाह्य खूण होती, गाभा वेगळा होता. कलावंताने जागोजागी स्वतःची आवडनिवड चालवून ‘रचना’ करण्याऐवजी एक साधा नियम ठरवावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा, हा तो गाभा. आंद्रेनेच १९६६ साली १२० भट्टीच्या विटा दोन थरांत मांडून ‘इक्विव्हॅलन्ट’ मालिकेतले एक काम केले होते. तेथे विटाही एकसारख्या होत्या आणि नियमही सरळ होता. हार्टफर्डमध्ये नियम तितकाच सरळ राहिला, पण मोजला जाणारा प्रत्येक घटक निराळा झाला. नियम जितका कोरडा, तितके दगडांचे वेगळेपण उठून दिसते; शाळेच्या गणवेशात मुलांचे चेहरे अधिक नीट दिसावेत, तसे काहीसे.

रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताची दगडी वर्तुळे याच तत्त्वावर उभी आहेत. १९६७ साली, विद्यार्थिदशेत, त्याने एका कुरणात पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालून गवतावर एक सरळ रेघ उमटवली. तेथे दगड नव्हताच. पुढे तो ज्या प्रदेशातून चालत गेला, तेथलेच दगड उचलून त्यांच्या रेषा आणि वर्तुळे करू लागला. १९७५ सालची हिमालयातली रेषा अशीच आहे. संग्रहालयासाठी केलेल्या त्याच्या स्लेटच्या वर्तुळांत व्यास ठरलेला असतो, मात्र कोणती चीप कुठे यावी याचे बंधन नसते, त्यामुळे दर वेळी मांडणी नवी होते आणि काम तेच राहते.

जर्मन शिल्पकार उलरिश रुकरीम याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तो मुळात पाथरवट. कोलोनच्या कॅथेड्रलच्या कार्यशाळेत त्याने दगडाचे काम केले होते. तो खाणीतला दगड घेतो, त्यात ओळीने भोके पाडतो, पाचरी ठोकून तो फोडतो, आणि फुटलेले तुकडे पुन्हा होते त्याच जागी एकमेकांवर ठेवतो. आकार जवळजवळ मूळचाच राहतो, फक्त त्यातून एक बारीक, किंचित वाकडी फट गेलेली दिसते. जवळ गेल्यावर फटीच्या काठाने भोकांच्या अर्ध्या नळ्या दिसतात, अंगठा सरकवता येईल अशा, आणि दोन नळ्यांच्या मधला भाग मात्र खरखरीत, दगडाने स्वतःच्या मर्जीने फुटलेला. माणसाने कुठवर जोर लावला आणि कुठून दगडाच्या नाडेने, म्हणजे त्याच्या आतल्या फुटण्याच्या दिशेने, काम हाती घेतले, याची सीमा तेथे बोटाने चाचपता येते. पहिल्या पत्रलेखकांना हवे असलेले टाकीचे घाव येथे आहेत, फक्त त्यांतून कसलीही मूर्ती निघालेली नाही.

प्रश्न : अशा कामासाठी कोणता दगड योग्य? मी शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे आणि बाहेर ठेवण्यासाठी काम करायचे आहे.

उत्तर : मराठीत यासाठी शब्दांची चंगळ आहे आणि तीच आपल्याला अर्धे उत्तर देते. जमिनीपासून न सुटलेला तो कातळ, सुटलेला आणि आपल्या आकाराने पडून राहिलेला तो धोंडा, पाण्याने घासून गोल केलेला तो गोटा, थराथराने सुटणारी ती चीप. दगडाची जात पाहण्यापूर्वी यांपैकी कशाशी काम करायचे आहे ते ठरवा, कारण प्रत्येकाची बैठक निराळी. गोटा कुठेही टेकवला तरी एका बिंदूवर टेकतो आणि लोळण्याच्या बेतात दिसतो. चीप पसरून बसते. धोंड्याला सहसा एक बाजू असते जिच्यावर तो ‘बसतो’, आणि ती शोधेपर्यंत त्याला उलटापालटा करावा लागतो.

जातीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ग्रॅनाइट आणि बेसाल्ट उघड्यावर सर्वाधिक टिकतात. चुनखडक आम्लयुक्त पावसात हळूहळू विरघळतो. वालुकाश्म, म्हणजे सँडस्टोन, थरांत बनलेला असतो. त्याचे थर जमिनीत जसे आडवे होते तसेच आडवे ठेवले तर तो पुष्कळ टिकतो, पण थर उभे करून ठेवला तर पाणी थरांत शिरते आणि पापुद्रे सुटू लागतात. थंड प्रदेशात हा धोका अधिक, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि प्रत्येक भेगेत आपोआप पाचर ठोकली जाते. स्लेटचेही थर असतातच, मात्र तेथे तोच गुण उपयोगाचा ठरतो.

दगड निवडताना हातोडीने हलकेच वाजवून पाहा. निर्दोष दगड खणखणीत वाजतो. आत भेग असली तर आवाज बद्द येतो. आणि वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नका. ग्रॅनाइटचा १ घनमीटर सुमारे २.७ टन भरतो. अवघ्या ६० सेंटिमीटर व्यासाचा, कवेत मावेलसा वाटणारा गोलसर धोंडा ३०० किलोच्या घरात जातो. विद्यार्थ्यांच्या बोटांना होणाऱ्या बहुतेक इजा याच ‘मावेलसा’मधून होतात, म्हणून पहार, लाकडी ठोकळे आणि दुसरा माणूस यांच्याशिवाय दगडाला हात लावू नये.

प्रश्न : एक दगड शेकडो मैल मिरवत नेण्यावर कोट्यवधी खर्च करणे याला ‘मिनिमल’ म्हणणे हा विनोद नव्हे काय? माझा रोख मायकेल हायझर या अमेरिकन कलावंताच्या लॉस एंजेलिसमधील कामाकडे आहे.

उत्तर : शेकडो नव्हे, सुमारे १०५ मैल, पण आपला मुद्दा त्याने कमकुवत होत नाही. ‘लेव्हिटेटेड मास’ या कामासाठी ३४० टनांचा ग्रॅनाइटचा एक धोंडा कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड परगण्यातील खाणीतून लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आणला गेला. २०१२ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हा प्रवास ११ रात्री चालला आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक जागरण करून तो पाहायला उभे राहिले. एकूण खर्च सुमारे १ कोटी डॉलर होता. संग्रहालयाच्या आवारात ४५६ फूट लांबीचा एक काँक्रीटचा चर आहे, तो उतरत उतरत धोंड्याखालून जातो आणि पलीकडे वर येतो.

मिरवणुकीचा दोष मी कामाला लावणार नाही. जड दगड हलवणे हा माणसाच्या सर्वांत जुन्या उद्योगांपैकी एक आहे, आणि त्यात गर्दी जमणे स्वाभाविकच आहे. माझी अडचण वेगळी आहे आणि ती पुन्हा बैठकीपाशीच येते. नाव ‘तरंगणारे वस्तुमान’ अशा अर्थाचे, पण चरातून चालताना वर पाहिले की धोंडा दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावलेल्या भक्कम आधारांवर टेकलेला स्पष्ट दिसतो. भूकंपप्रवण प्रदेशात लोकांच्या डोक्यावर ३४० टन ठेवायचे म्हटल्यावर आधार अटळ आहेत हे मान्य; परंतु दगड आणि त्याची जागा यांच्यामध्ये अभियांत्रिकी येऊन उभी राहते, आणि नजर दगडावरून तिच्याकडे वळते.

याउलट त्याच हायझरने १९६९ साली नेवाडाच्या वाळवंटात ‘डिस्प्लेस्ड/रिप्लेस्ड मास’ केले, तेव्हा ३०, ५२ आणि ६८ टनांचे ग्रॅनाइटचे धोंडे सिएरा नेवाडा पर्वतातून आणून जमिनीत खोदलेल्या, काँक्रीटचे अस्तर दिलेल्या खड्ड्यांत उतरवले होते. कधीकाळी ज्या पर्वतांबरोबर हे दगड उंचावर गेले, त्यांना तेथून काढून पुन्हा जमिनीच्या पातळीखाली ठेवणे, एवढीच ती कृती होती. त्याच वर्षी त्याने मॉर्मन मेसा या पठाराच्या कडेला समोरासमोर दोन चर खोदून ‘डबल निगेटिव्ह’ केले. एकूण लांबी १,५०० फूट, खोली ५० फूट, आणि काढून टाकलेला खडक सुमारे २,४०,००० टन. तेथे ठेवलेला दगड एकही नाही. कातळात पाडलेली पोकळी हेच शिल्प. साधनसामग्रीच्या हिशेबात यांतले काहीच ‘किमान’ नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. येथे किमान असते ती कृतींची संख्या, त्या कृतींचे वजन नव्हे.

प्रश्न : ‘स्पायरल जेट्टी’ कित्येक वर्षे पाण्याखाली होती असे वाचले. शिल्प बुडते, त्यावर शेवाळ चढते, मीठ साचते, आणि कोणी ते स्वच्छही करत नाही. ही निष्काळजी नव्हे काय?

उत्तर : रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलावंताने १९७० साली युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी, रोझेल पॉइंट येथे, तिथलाच काळा बेसाल्ट आणि माती वापरून सुमारे १,५०० फूट लांब आणि १५ फूट रुंद असा सर्पिल बांध सरोवरात घातला. ६,००० टनांहून अधिक सामग्री त्यात गेली. सुरुवातीला रचलेला आकार त्याला पसंत पडला नाही, तेव्हा कंत्राटदाराला परत बोलावून दगड उचलून पुन्हा मांडून घेण्यात आले, त्यातून आज दिसणारे वेटोळे तयार झाले. त्या वेळी सरोवराची पातळी बरीच खाली होती. लवकरच पाणी चढले आणि बांध बुडाला, तो मधले थोडेफार काळ सोडता जवळजवळ तीस वर्षे. २००२ च्या सुमारास अवर्षणामुळे पाणी ओसरले, तेव्हा काळे दगड पांढरे होऊन वर आले होते, कारण त्यांच्यावर मिठाच्या स्फटिकांचा जाड थर जमला होता. स्मिथसनने हे पाहिले नाही. १९७३ साली दुसऱ्या एका कामाच्या जागेची हवाई पाहणी करताना विमान कोसळून तो मरण पावला.

पण असे काहीतरी होणार, हे त्याला अपेक्षितच होते. वस्तू हळूहळू विस्कटत जाणे, व्यवस्था मोडत जाणे, हाच त्याच्या विचाराचा विषय होता, आणि मिठाने पांढरा पडलेला बेसाल्ट हा त्या कामाचा बिघाड नसून त्याचा पुढला भाग आहे. कांस्याच्या पुतळ्याला लावायचा नियम येथे लावता येत नाही.

शेवाळ आणि दगडफूल यांबद्दलही आपण विचारले आहे. दगडफुलाचे दगडाला चिकटून वाढणारे कित्येक प्रकार वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका खरवडून काढणे म्हणजे कित्येक दशके पुसून टाकणे. शिवाय तारेच्या घासणीने किंवा जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने दगडाची पृष्ठभागावरची कणी निघते आणि तेथे नवे शेवाळ अधिक झपाट्याने धरते. ज्या दगडात कलावंताने भोके पाडली असतील किंवा खूण केली असेल, तेथे वाद होऊ शकतो. न कोरलेल्या धोंड्याला हात लावू नये, हे बरे.

प्रश्न : नदीकाठी गोट्यांवर गोटे तोलून मी उतरंडी करतो आणि छायाचित्रे काढतो. एकाने ‘हे निसर्गाचे नुकसान आहे’ असे सुनावले. इकडे एका मोकळ्या आवारात तीन धोंडे कायमचे बसवण्याचे कामही हाती आले आहे, आणि ते ‘आणून ठेवल्यासारखे’ दिसतात. दोन्हीबद्दल सांगावे.

उत्तर : पहिल्याबद्दल सुनावणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पाण्यातल्या दगडाचे बूड हे कोणाचे तरी छप्पर असते. किड्यांच्या अळ्या तेथे असतात, काही मासे तेथे अंडी घालतात, आणि उत्तर अमेरिकेतल्या डोंगरी ओढ्यांत हेलबेंडर हा मोठा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) तर सपाट दगडांखालीच राहतो. शिवाय पायवाटेवरची उतरंड वाटसरूला वाटेची खूण वाटते आणि तो भलतीकडे जातो. कलेच्या दृष्टीनेही, तोल साधण्याची करामत छायाचित्रापुरती असते आणि गोटा गोट्यावर एका बिंदूवर टेकलेला राहतो.

रचाई ही निराळी गोष्ट. अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश कलावंताने १९९७-९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टॉर्म किंग कलाकेंद्रात २,२७८ फूट लांबीची कोरडी, म्हणजे चुना-सिमेंटाशिवायची, भिंत बांधून घेतली. ती झाडांना वळसे घालत जाते, तळ्यात उतरते आणि पलीकडे निघून चढ चढू लागते. तिथले दगड तोलावर नव्हे, तर गुंफणीवर उभे आहेत. प्रत्येक दगड खालच्या दोघांवर बसतो, दोन्ही अंगांच्या मध्ये बारीक दगडांचा भर असतो, मधून मधून आरपार जाणारा लांब दगड दोन्ही अंगांना बांधून धरतो, आणि भिंत वर निमुळती होत जाते.

आता आपले तीन धोंडे. ते ठेवल्यासारखे दिसतात, कारण ते बहुधा जमिनीवर ठेवलेलेच आहेत. जपानी बागांच्या परंपरेत दगड त्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंत जमिनीत उतरवतात, त्यामुळे जमिनीखाली तो आणखी मोठा असावा असे वाटते. याचे उलट टोकही आहे: ली उफान हा कोरियात जन्मलेला कलावंत दगड आणि पोलादी पत्रा एकमेकांसमोर मांडतो, तेव्हा दगड मुद्दामच वर ठेवलेला असतो, पाहुण्यासारखा, आणि तसे दिसणे हाच तेथे हेतू असतो. आपल्याला या दोन टोकांपैकी कोणते हवे ते आधी ठरवा. अर्धवट पुरलेला आणि अर्धवट ठेवलेला धोंडा फक्त विसरल्यासारखा दिसतो.

पुरायचे ठरले, तर प्रत्येक धोंड्याच्या रुंदीच्या रेषेवर खडूने खूण करा, खड्डा त्या खुणेपेक्षा वीतभर अधिक खोल घ्या, तळाशी खडी अंथरून ती चांगली धुमसा, आणि धोंडा उतरवल्यावर तो डुलतो का ते पहारीने दाबून पाहा. डुलत असेल, तर भुसभुशीत मातीचा भर देऊन फसवू नका. दगडाच्याच पाचरी ठोका. तिन्ही धोंडे एकाच दिवशी कायम करू नका. पहिला बसवून दोन-चार दिवस सकाळी आणि संध्याकाळी त्याची सावली कुठे पडते ते पाहिल्यावरच दुसऱ्याचा खड्डा घ्या, आणि पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की तिघांच्याही पाचरी पुन्हा तपासा.